जीपची चासी बदलते तेव्हा

घराच्या भिंती, छप्पर, दारे-खिडक्या सगळे तसेच ठेवून खालचा पाया तेवढा बदलता येईल का? एखाद्या गवंड्याला विचारून पाहा. तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. पण जीपच्या बाबतीत हे करता येते. निफाड तालुक्यात राहणाऱ्या माझ्या दाजींच्या जुन्या जीपचा पाया, म्हणजे तिची चासी, नाशिकला द्वारकेजवळच्या एका गॅरेजात बदलली गेली. तेव्हा दिवाळीची सुट्टी होती आणि मी रोज तेथे जाऊन बसत असे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्या बारा-तेरा दिवसांत पाठ्यपुस्तकातली कितीतरी प्रकरणे मला हात काळे करून पुन्हा वाचायला मिळाली. ती तुम्हालाही दाखवावीत, म्हणून हा खटाटोप.

प्रथम चासी म्हणजे काय ते पाहू. जमिनीवर आडवी ठेवलेली एक शिडी डोळ्यांपुढे आणा. शिडीचे दोन लांब बाजूचे दांडे म्हणजे पोलादी पत्र्याच्या वाकवून केलेल्या दोन पन्हळी आणि शिडीच्या पायऱ्या म्हणजे त्यांना जोडणारे आडवे तुकडे. एंजिन, गिअरबॉक्स, कमानपाटे, स्टिअरिंगची पेटी हे सगळे या शिडीला धरून असते. आपण जिच्यात बसतो ती वरची बॉडी म्हणजे या शिडीवर रबरी चकत्या घालून, बोल्टांनी आवळून बसवलेला नुसता एक डबा. आजच्या बहुतेक लहान मोटारींना अशी वेगळी चासी नसते. त्यांचे पत्र्याचे कवच हाच त्यांचा सांगाडा. अंड्यात हाडे नसतात, तरी ते हातात धरता येते, तसे. त्यामुळे त्यांचा पाया वेगळा काढून बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मालट्रक आणि जीप यांची गोष्ट वेगळी. नाशिकच्या कारखान्यात होणाऱ्या बोलेरो, स्कॉर्पिओ, थार या गाड्याही शिडीच्या चासीवरच उभ्या आहेत.

जीपचा जन्म लढाईतला. अमेरिकेत विलीज कंपनीची ‘एमबी’ ही जीप १९४१ मध्ये तयार होऊ लागली आणि फोर्ड कंपनीनेही तीच गाडी बनवली. दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मि.मी. आपल्याकडे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने थोड्याच वर्षांत मुंबईला माझगावात परदेशी सुटे भाग जुळवून जीप बांधायला सुरुवात केली. १९५३ मध्ये निघालेली उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ तर आपल्या खेडोपाडी इतकी रुळली, की आपल्याकडे जीप म्हटले की तिचेच चित्र डोळ्यांपुढे यावे. तिचे बॉनेट उंच का, तर आतले नवे एंजिन जुन्यापेक्षा उंच होते! नाशिकचा कारखाना १९८१ चा. दाजींची जीप त्याहूनही थोडी आधीची. त्यांच्या वडिलांनी घेतलेली. मूळचे पेट्रोल एंजिन काढून पुढे तिला डिझेलचे बसवले होते. ते वजनाने जास्त आणि थरथरणारेही जास्त, हे लक्षात ठेवा.

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी जीप जॅकवर चढवली, एक जुना स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि मला म्हणाले, “सर, टोचून बघा.” डाव्या दांड्यावर, मागच्या कमानीच्या कडीजवळ मी तो नुसता टेकवला आणि थोडा दाबला. पोलादात तो खारीत घुसावा तसा आत गेला. दांडा बाहेरून काळा, धड दिसत होता. आत पापुद्रेच उरले होते.

उजवा दांडा त्या मानाने बरा होता. मग डावाच का सडला? उत्तर दाजींनीच दिले, पण नकळत. द्राक्षबागेला बुरशीपासून वाचवण्यासाठी मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण फवारतात, ते तुम्हांला ठाऊक असेल. त्याला बोर्डो मिश्रण म्हणतात. दाजी मोरचूद विरघळवलेले पिंप जीपच्या मागच्या भागात डाव्या बाजूला ठेवून मळ्यात नेत. रस्ता खाचखळग्यांचा. पाणी हिंदकळे, तळाच्या भोकांतून खाली गळे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवण्याचा प्रयोग तुम्ही केलाच असेल. खिळ्यावर तांबूस थर चढतो, द्रावणाचा निळा रंग फिकट हिरवट होत जातो. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील; ते तांब्याला द्रावणातून हुसकावते आणि स्वतः त्याची जागा घेते. म्हणजे लोखंड विरघळते!

यातली गंमत अशी, की द्राक्षबागाईतदार हाच प्रयोग दरवर्षी करतात. मिश्रणात चुना पुरेसा पडला की नाही, हे पाहण्यासाठी ते विळ्याचे किंवा चाकूचे स्वच्छ पाते त्यात बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला, तर मोकळे मोरचूद अजून शिल्लक आहे, चुना वाढवायला हवा. थर आला नाही, की मिश्रण तयार. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये हेही त्यांना पक्के माहीत असते. त्यासाठी प्लॅस्टिकचे पिंप वापरतात. विळ्याची चाचणी दाजी तीस वर्षे करीत आले होते आणि तीच चाचणी त्यांच्या गाडीच्या पोटाखाली आपोआप चालू होती. ती काही त्यांनी कधी वाकून पाहिली नाही!

मोरचुदाने सुरुवात केली आणि पुढचे काम पाण्याने व मातीने उरकले. लोखंडावर जमलेले तांबे स्वस्थ बसत नाही. दोन भिन्न धातू आणि मध्ये ओल, म्हणजे लहानसा विद्युत्‌घटच तयार होतो आणि त्यात लोखंड झिजत राहते. पन्हळीच्या कोपऱ्यात साचलेला चिखलही असाच घात करतो. चिखलाखाली प्राणवायू कमी पोचतो, कडेला भरपूर पोचतो. या फरकामुळेही विद्युत्‌घट निर्माण होतो आणि लोखंड झिजते ते नेमके जेथे प्राणवायू कमी त्या जागी, म्हणजे चिखलाखाली, जेथे आपली नजर जात नाही. शिवाय गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. रिव्हेटने घट्ट जोडलेल्या दोन पत्र्यांमध्ये तो शिरला, की फुगतो आणि पत्रे एकमेकांपासून फाकवतो. मिस्त्रींनी मला असे एक रिव्हेट दाखवले. त्याचे डोके बोटांनी गोल फिरत होते.

आता तुम्ही म्हणाल, सडला तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडला असता तर? दाजींचेही हेच म्हणणे होते. खर्च खूपच कमी झाला असता. ते का केले नाही, हे समजण्यासाठी आपण दोन सोपे प्रयोग करू.

एक फूटपट्टी घ्या. ती आडवी धरून टोकाला बोटाने दाबा; सहज वाकते. आता तीच कडेवर उभी धरून दाबा, वाकत नाही. पट्टी तीच, पदार्थ तोच. ३० मि.मी. रुंद आणि २ मि.मी. जाड पट्टी उभी धरली, की आडवीपेक्षा (३० ÷ २) चा वर्ग, म्हणजे २२५ पट ताठ होते. कारण वाकताना वरच्या कडेचे कण एकमेकांजवळ दाबले जातात, खालच्या कडेचे ताणले जातात आणि मधोमध एक थर असा असतो, की तो ना दाबला जातो ना ताणला जातो. या उदासीन थरापासून पदार्थ जितका दूर, तितका तो अधिक उपयोगी. म्हणून चासीचा दांडा भरीव न करता पन्हळीसारखा करतात: उभी भिंत आणि वर-खाली दोन ओठ. खरे काम ओठ करतात. यावरूनच गॅरेजातला एक नियम निघतो. चासीला भोक पाडायचेच झाले, तर ते उभ्या भिंतीच्या मधोमध पाडावे, ओठात कधीही पाडू नये. मिस्त्रींना हा नियम त्यांच्या उस्तादांनी सांगितला होता. कारण मात्र सांगितले नव्हते. मी फूटपट्टी मागवून दाखवले, तेव्हा त्यांनी ती दोन-तीनदा वाकवून पाहिली आणि “असं होय!” म्हणून पुन्हा कामाला लागले.

दुसऱ्या प्रयोगासाठी जाड पुठ्ठ्याची चौकोनी लांबट नळी करा व तिची एक कड उघडीच ठेवा. दोन्ही टोके धरून पिळा. ती मुकाट्याने पिळली जाते. आता उघडी कड चिकटपट्टीने नीट बंद करा आणि पुन्हा पिळा. फरक हाताला लगेच जाणवेल. गणिताने पाहिले तर ७५ मि.मी. बाजूची आणि ३ मि.मी. जाड पत्र्याची बंद चौकोनी नळी ही तशाच, पण लांबीत चिरलेल्या नळीपेक्षा पिळाला सुमारे ४७० पट जास्त विरोध करते. एका चिरेने केवढा फरक!

मग जीपचे दांडे मुळात उघड्या पन्हळीचे का केले? कारण खडकाळ वाटेवर डावे पुढचे चाक धोंड्यावर आणि उजवे खड्ड्यात असे होते, तेव्हा गाडी थोडी पिळली गेली, तरच चारही चाके जमिनीला टेकून राहतात. जुन्या जीपचे कमानपाटे आखूड आणि कडक. त्यांची उणीव चासी स्वतः पीळ खाऊन भरून काढते. गॅरेजात आलेल्या एका हौशी गृहस्थांनी सुचवले, की नवी चासी बसवताच आहात, तर दोन्ही दांड्यांना पट्टी मारून पेटीसारखे बंद करून टाका, दणकट होईल. मिस्त्रींनी मान हलवली. ठिकठिकाणी ताठ केलेल्या दांड्याचा पीळ नाहीसा होत नाही; ताठ भाग संपतो तेथे तो एकवटतो आणि तेथेच तडा जातो. शिवाय बंद पेटीत पाणी शिरले, की बाहेर पडायला वाट नाही. मला त्यांचे म्हणणे पटले. आजच्या गाड्यांच्या चासी बंद पेटीच्या असतात हे खरे. पण त्यांचे स्प्रिंग वर-खाली पुष्कळ हलतात आणि ती चासी पहिल्यापासून त्याच हिशेबाने आखलेली असते.

वेल्डिंगच्या ठिगळाचा दोषही हाच. लोखंडी तार एकदा वाकवून तुटत नाही, पण तीच जागा धरून वीस-पंचवीस वेळा मागेपुढे करा, तुटते. याला धातूचा शीण म्हणतात. चासीला प्रत्येक खड्ड्यागणिक असा एक हेलकावा बसतो. शीण आधी येतो तो जेथे आकार एकदम बदलतो तेथे: भोकाची कड, तीक्ष्ण कोपरा, वेल्डिंगचे टोक. एखादाच लहान तडा असेल, तर त्याच्या टोकाशी गोल भोक पाडून तो थांबवता येतो आणि वर ठिगळ मारताना त्याच्या कडा उभ्या सरळ न ठेवता शंकरपाळ्यासारख्या तिरप्या ठेवतात. पण दाजींच्या जीपला तडे तीन ठिकाणी होते आणि त्यांतला एक स्टिअरिंगची पेटी जेथे बसते त्या जागी. वर जास्त वजनाचे, थरथरते एंजिन. मळ्यातून द्राक्षांचे क्रेट आणि त्यांवर बसलेले पाच-सहा मजूर घेऊन हीच गाडी रोज ये-जा करीत होती. मिस्त्रींनी दाजींना एवढेच विचारले, “ही पेटी कसारा घाटात सुटली तर?” ठिगळाचा विषय तेथेच संपला.

आता एक निराळाच प्रश्न. जीपचे एंजिन बदलले होते, बॉडीचा पत्रा दोनदा बदलला होता, टायर तर कितीदा. आता चासीही बदलली, तर ती जीप तीच राहिली का? एका जहाजाची एकेक फळी बदलत गेली आणि शेवटी सगळ्याच फळ्या नव्या झाल्या, तर जहाज तेच का, असा वाद ग्रीक पंडित घालीत असत. कायद्याला असा वाद परवडत नाही. चासीवर कारखान्यात ठोकलेला क्रमांक नोंदणीच्या कागदावर असतो आणि गाडीची ओळख त्यावरून पटवली जाते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीत मालकाला मनास येईल तसा फेरफार करता येत नाही. म्हणून दाजींनी आधी परिवहन कार्यालयात अर्ज केला, त्याच जातीच्या नव्या चासीची पावती जोडली आणि परवानगी हातात आल्यावरच पाना उचलला गेला. जुन्या चासीवरचा क्रमांकाचा तुकडा कापून नव्या चासीला डकवणारे महाभागही असतात. तो सरळ सरळ गुन्हा आहे. चोरीच्या गाड्या याच वाटेने खपतात.

नवी चासी आली, ती तांबड्या अस्तराच्या रंगात, दिसायला सुबक. मिस्त्रींनी तिच्याकडे संशयाने पाहिले आणि टेप काढला. नवी वस्तू सरळच असेल असे का मानावे? सोपी मापे घेऊन सांगतो. चार ठरलेल्या भोकांचा आयत २००० मि.मी. लांब आणि ७५० मि.मी. रुंद आहे असे समजा. पायथागोरसच्या प्रमेयाने त्याचे दोन्ही कर्ण २१३६ मि.मी. यायला हवेत. वाहतुकीत धक्का बसून एक दांडा दुसऱ्यापेक्षा फक्त १० मि.मी. पुढे सरकला, तर एक कर्ण होतो सुमारे २१४५ आणि दुसरा २१२७. म्हणजे १० मि.मी.चा दोष कर्णांत १९ मि.मी. होऊन दिसतो! अशा चासीवरची गाडी खेकड्यासारखी तिरपी धावते. मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत.

पण कर्ण सारखे आले, म्हणजे झाले असे नाही. समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण सारखेच असतात. म्हणून पुढची व मागची रुंदी वेगळी मोजावी लागते. आणि चासी पिळलेली असेल तर? बाजेचे तीन पाय टेकतात आणि चौथा अधांतरी डुगडुगतो, तशी. त्यासाठी मिस्त्रींनी चार भोकांतून दोन दोऱ्या तिरप्या ताणल्या. चार बिंदू एकाच प्रतलात असतील, तरच दोन कर्ण मधोमध एकमेकांना टेकतील. दोऱ्यांमध्ये बोटभर फट राहिली तर चासीला पीळ आहे. आमच्या चासीच्या दोऱ्या हलकेच टेकल्या. वरची मापे जमिनीवर उतरवण्यासाठी ओळंबा सोडला होता आणि प्रत्येक बिंदूखाली खडूची फुली मारली होती. नंतर चासी बाजूला सरकवून फुल्या मोजल्या. भूमितीच्या तासाला “हे कशाला शिकायचे?” असे विचारणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांची मला त्या वेळी फार आठवण झाली.

प्रत्यक्ष बदल मात्र मला वाटले होते त्यापेक्षा साधा निघाला. बॅटरी काढली. डिझेल, तेल, रेडिएटरमधले पाणी काढून घेतले. प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली. बॉडीचे बोल्ट निम्मे सुटले, निम्मे गंजून बसले होते. त्यांची डोकी छिन्नीने उडवावी लागली. मग आठ जणांनी बॉडी उचलून भिंतीशी ठेवली. चेनपुलीने एंजिन आणि गिअरबॉक्स वर उचलले. दोन्ही एक्सल कमानपाट्यांसकट सोडवले, नव्या चासीखाली ढकलले आणि उलट्या क्रमाने सगळे परत चढवले. एकच बारकावा सांगतो: बॉडीचे बोल्ट आधी सैलच ठेवतात. गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःचे वजन घेऊन उभी राहिली, म्हणजे मग आवळतात. घोडीवर असताना आवळले, तर रबरी चकत्या चुकीच्या जागी दबून बसतात.

अकराव्या दिवशी संध्याकाळी किल्ली फिरवली. स्टार्टरने ‘टक्’ एवढाच आवाज केला. दिवे मंद झाले. पुन्हा किल्ली. पुन्हा ‘टक्’. बॅटरी तर नवी होती! तिसऱ्या वेळी डॅशबोर्डाखालून धुराचा वास आला आणि एंजिन बंद करण्याची ओढतार हाताला चटका देण्याइतकी तापली. मिस्त्रींनी झटकन बॅटरीची तार काढली. आता यात विजेचा आणि त्या साध्या ओढतारेचा काय संबंध?

वाचकहो, येथे क्षणभर थांबून तुम्हीच विचार करा. मोटारीत प्रत्येक दिव्याला दोन वायरी नसतात. बॅटरीचे ऋण टोक चासीला जोडलेले असते आणि परतीचा सगळा प्रवाह लोखंडातूनच येतो. एंजिन रबरांवर बसलेले; रबर वीज वाहू देत नाही. म्हणून एंजिन आणि चासी यांना जोडणारी एक जाड तांब्याची पट्टी असते. आम्ही ती बसवली होती, पण ज्या जागी बसवली तेथे नवाकोरा रंग होता. जुन्या चासीला ती जागा वर्षानुवर्षे घासून उघडी पडलेली होती. नवीला रंगाची चादर. मार्ग बंद झाल्यावर प्रवाहाने दुसरी वाट शोधली: एंजिनापासून डॅशबोर्डापर्यंत जाणारी ती बारीक पोलादी तार. स्टार्टरला लागतात सुमारे २०० अँपिअर. वाटेत फक्त ०.०२ ओहम रोध आला, तरी ओहमच्या नियमाने ४ व्होल्ट तेथेच खर्च होतात आणि बारापैकी आठच स्टार्टरला उरतात. खरे तर पट्टी बसवताना मी शेजारीच उभा होतो, आणि विद्युत्‌रोधाचे प्रकरण मी दरवर्षी शिकवतो!

पॉलिश-पेपरने रंग घासून चकचकीत धातू उघडा केला, पट्टी आवळली, वरून ग्रीस लावले. ओढतार नवी घातली. एंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले.

पाचशे किलोमीटर चालल्यावर कमानपाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळायला गाडी परत आली, तेव्हा मागे पिंप नव्हते. मोरचूद आता बैलगाडीतून मळ्यात जाते असे दाजी म्हणाले. जुनी चासी रीतसर क्रमांक रद्द करून भंगारात गेली. डाव्या दांड्याचा हातभर तुकडा मात्र मी मागून घेतला. तो आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ ठेवला आहे आणि त्याचे ते रिव्हेट अजूनही बोटांनी फिरते.